यमक ओळीच्या पोटात असतं: रॅप ऐकणाऱ्यांचा धागा

खिडकीसीट | सोमवार, रात्री ११:४०

रविवारी भाचा घरी आला होता. अकरावीत आहे, कांजूरला चाळीत राहतो. जेवणं झाल्यावर म्हणाला, मामा, एक ऐकवू? मोबाइलवर बीट लावला आणि स्वतः लिहिलेला मराठी रॅप म्हणून दाखवला. सुरुवात अशी:

सकाळी सकाळी मी लोकल पकडतो,
दाराला धरून मी बाहेर लटकतो,
घरच्यांचा राग मी डोक्यावर झेलतो,
तरीपण मित्रांशी हसून बोलतो.

बहीण टाळ्या वाजवून मोकळी झाली. मी म्हटलं, छान आहे, पण... आणि त्या 'पण'च्या पुढे गाडी सरकेना. खटकतंय हे कळत होतं, काय खटकतंय ते सापडत नव्हतं. रात्री भांडी घासताना सापडलं. चारही ओळी 'तो'वर संपतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे पकडतो-लटकतो-झेलतो-बोलतो हे यमक भाषाच फुकटात वाटते. भाच्याने त्यासाठी काडी हलवलेली नाही. (कॉलेजात मी केलेल्या सगळ्या कविता अशाच होत्या. त्या वहीचं काय झालं ते विचारू नका.)

मी अमेरिकन रॅपर राकिम पहिल्यांदा ऐकला तो २००२ साली, रुईया नाक्यावर. वॉकमन मित्राचा, एक कान त्याचा आणि एक माझा. 'पेड इन फुल', अल्बम १९८७चा, म्हणजे तेव्हाच पंधरा वर्षं जुना. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट कळली: हा माणूस ओळीच्या टोकाला यमक आपटून थांबत नाही. त्याचं यमक ओळीच्या पोटात दोनदा-तीनदा वाजून जातं, आणि बार (म्हणजे चार ठोक्यांचं माप) संपला तरी वाक्य चालूच असतं, पुढच्या बारमध्ये घुसतं. नंतर वाचलं की तो आधी सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझवाला कोल्ट्रेन ऐकत मोठा झाला. मग उलगडा झाला. फुंकून वाद्य वाजवणारा माणूस श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवतो, शब्द नंतर.

तर प्रश्न असा, की तुम्ही रॅप ऐकता तेव्हा शब्दांत नेमकं काय ऐकता? जुनं-नवं, इकडचं-तिकडचं सगळं चालेल. आणि भाच्याला काय सांगू?

---

वरळीचा_वारा | ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

मास्तर_परळ | मंगळवार, सकाळी ६:१०

तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून बोलायचा हक्क बजावतो. ओळीच्या पोटातलं यमक हे अमेरिकेहून आलेलं नाही. वामन पंडितांना 'यमक्या वामन' का म्हणत ते बघा. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणं लिहिली, त्यात एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात प, फ, ब, भ, म हे ओठ मिटायला लावणारे वर्ण नाहीत. आता विचार करा, 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही आणि रामायण लिहायचं.

पण याच मोरोपंतांवर पुढे टीकाही झाली, की शब्दांच्या कसरतीत काव्य गुदमरलं. तुमच्या रॅपचंही मला तेच वाटतं. कसरत दिसते. काव्य कुठे आहे?

---

खिडकीसीट | सकाळी ८:२५

मास्तर, लोकलमधून लिहितोय, सविस्तर नंतर. पण 'राम' न लिहिता रामायण! हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं कुणी? आम्हाला केकावलीतल्या संधी-समासावर मार्क होते.

---

बीट_चुकलेली_बाई | सकाळी १०:४५

मास्तर, काव्य कुठे ते सांगते. दोनच उदाहरणं, दोन्ही माझ्या आवडीची.

एक, रॅपर नास. त्याचा अल्बम 'इल्मॅटिक', एप्रिल १९९४. तेव्हा तो वीस वर्षांचा, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेला. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आतबाहेर, ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये संपतो. त्यात 'वन लव्ह' नावाचं गाणं आहे, ते म्हणजे तुरुंगातल्या मित्राला लिहिलेलं पत्र. बाहेर काय चाललंय, कोण कुणाबरोबर फिरतं, तुझं पोर तुझ्यासारखं दिसतं. वरचा आवाज कुठेही चढत नाही. गावाहून येणारं पत्र कसं असायचं, वाईट बातमी चौथ्या ओळीत, म्हैस व्यायल्याच्या बातमीनंतर? तसं. तेवढ्यात वस्ती उभी राहते.

दोन, केंड्रिक लमार, २०१२चा अल्बम, 'सिंग अबाउट मी, आय अॅम डाइंग ऑफ थर्स्ट'. बारा मिनिटांचं गाणं. पहिल्या कडव्यात मेलेल्या मित्राचा भाऊ बोलतो आणि बोलता बोलता गोळ्यांचा आवाज येतो, वाक्य तुटतं. दुसऱ्या कडव्यात एक मुलगी बोलते. केंड्रिकने तिच्या बहिणीवर आधी गाणं केलं म्हणून ती त्याच्यावर चिडली आहे. मी विझणार नाही, मी विझणार नाही, असं ती बजावत राहते, आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. ती बोलतेच आहे, आपल्याला ऐकू येत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन बिघडला असं वाटून वायर हलवून बघितली होती.

याला कसरत म्हणायचं असेल तर म्हणा.

---

मास्तर_परळ | सकाळी ११:३०

ऐकून सांगतो. नातवाकडून लावून घ्यावं लागेल.

---

फास्ट_ट्रॅक_७७ | दुपारी १:१५

एमिनेमचं नाव अजून कसं नाही आलं?? एका सेकंदात किती शब्द बोलतो माहीत आहे का लोकहो. लिरिसिझमचा, म्हणजे शब्दांच्या कारागिरीचा, बाप आहे तो.

---

वरळीचा_वारा | दुपारी १:२२

सेकंदाला किती शब्द हा निकष असेल तर लोकलमध्ये दहाला तीन पेनं विकणारा माणूस बाप आहे. एमिनेम मोठा आहे तो 'स्टॅन'मुळे. २०००चं गाणं. चाहता पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, तो वेडापिसा होत जातो. शेवटच्या कडव्यात उत्तर लिहायला बसलेल्या गायकाला लिहितालिहिताच कळतं की बातम्यांत पाहिला तो हाच. तिथे वेग नाहीच. आणि 'स्टॅन' हा शब्द आज इंग्रजी शब्दकोशात आहे, कट्टर चाहता या अर्थाने. शब्दकोशात शब्द टाकणं याला म्हणतात लिरिसिझम.

---

फास्ट_ट्रॅक_७७ | दुपारी १:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

---

शक्तीवाले_गुहागर | दुपारी ३:०५

मास्तरांनी पंडित कवी काढले, मी जरा खालच्या मजल्यावर येतो. माझे वडील लालबागला गिरणीत होते आणि शक्ती-तुऱ्यात नाचायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन पक्ष, शक्तीवाले आणि तुरेवाले. कोकणातला बाल्या नाच, पायात चाळ, मध्ये शाहीर. गण होतो, गवळण होते, आणि मग शाहीर एकमेकांना भिडतात. सवाल टाकायचा, समोरच्याच्या गुरूपासून गळ्यापर्यंत सगळं काढायचं, पण चालीत आणि यमकात. चाल सुटली की हरलास. परळच्या दामोदर नाट्यगृहात रात्र रात्र हे सामने मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपून 'पाहिलेत'.

सिंधुदुर्गवाले म्हणतील आमची डबलबारी विसरू नका. बरोबर आहे. दोन भजनी बुवा, दोन पखवाज, आणि देवाचं नाव घेत घेत समोरच्या बुवाची सालं काढायची. तिकडचे म्हणतात 'बार', आपण म्हणतो 'बारी'. शब्दांचा संबंध नाही हे मला ठाऊक आहे, मास्तर, छडी खाली ठेवा. पण गंमत बघा की नाही?

हे सांगायचं कारण: कुर्ल्या-अंधेरीच्या मैदानात पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात, ज्याला सायफर म्हणतात, ते पाहिलं तेव्हा मला काहीच नवीन वाटलं नाही. चाळ नव्हते पायात, एवढंच.

---

जेबीनगर_जवळच | दुपारी ४:४०

अंधेरीचं नाव निघालं म्हणून आलो. इथल्या डिवाइन या रॅपरचं 'ये मेरा बॉम्बे' आलं २०१३ला. त्यानंतर नेझी या दुसऱ्या रॅपरने 'आफत' आयपॅडवर केलं, रेकॉर्डिंग पण त्यावरच आणि शूटिंग पण. २०१५ला दोघांचं 'मेरे गली में'. 'गली बॉय' पिक्चर त्याच्या चार वर्षांनंतरचा. लोकांना वाटतं पिक्चरमुळे हे सुरू झालं, उलट आहे.

लिरिसिझम म्हणाल तर या पोरांनी एक मोठं काम केलं. त्याआधी इकडे रॅप करणारे बरेच जण अमेरिकन आवाज काढून अमेरिकेची गाणी म्हणायचे. यांनी नाक्यावर बोलतो ती भाषा माइकवर आणली, तीच चढउतारासकट. पण मराठी पोरांनीही हिंदीतच करायचं, हे मला खटकतं. आमच्या ग्रुपमधले पाचपैकी चार घरी मराठी बोलणारे. माइक हातात आला की बंबैया हिंदी.

---

मी_मराठी_कट्टर | दुपारी ४:५१

मुंबईत राहून हिंदीत रॅप करणाऱ्यांनी आधी...

[संपादक: धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका. पुढचा मजकूर काढला आहे.]

---

बीट_चुकलेली_बाई | संध्याकाळी ५:३०

जेबीनगर, कारण सोपं आहे हो. सायफरमध्ये उभे असलेले पाचपैकी एक यूपीचा, एक तमिळ, एक मंगळुरूचा. पंच, म्हणजे ओळीतला टोला, सगळ्यांना कळायला हवा, नाहीतर 'ओऽऽ' कोण करणार? पंच पडल्यावर सन्नाटा, हे कुठल्याही रॅपरचं मरण.

पण मराठीतही चाललंय. 'स्वदेसी' हा मुंबईचा रॅप गट ऐका. एकाच गाण्यात मराठी, हिंदी, गुजराती येतात. त्यांच्या 'वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर आहेत, आणि झाड-जंगल या विषयावर रॅपरपेक्षा त्यांचाच आवाज जास्त लागतो. त्याच गटातला गुजरातीत रॅप करणारा टॉडफॉड २०२२च्या मार्चमध्ये गेला, चोवीस वर्षांचा होता. मुंबईत गुजराती म्हटलं की लोकांना शेअरबाजार आठवतो. त्या पोराने त्या भाषेत दगडाचं वजन आणलं होतं.

---

खिडकीसीट | रात्री १०:१५

मूळ मुद्द्यावर येतो, कारण आज दिवसभर एकच शीर्षक डोक्यात घोळतंय. 'तांबडी चामडी'. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं हे गाणं लग्नात-हळदीत सगळीकडे वाजलं. लोक त्यावर नाचले, मीही नाचलो. पण शीर्षक सावकाश म्हणून बघा. तां-ब-डी, चा-म-डी. आ, अ, ई आणि पुन्हा आ, अ, ई. तिन्ही अक्षरांचे स्वर जुळतात, शिवाय दोघांच्या शेवटी ड. इंग्रजीत याला मल्टी म्हणतात, एमएफ डूम या रॅपरने त्यावर आख्खं आयुष्य काढलं. त्याचा 'मॅडव्हिलनी' अल्बम, २००४चा, ऐकाल तर एका ओळीत सहा-सहा अक्षरांच्या जोड्या सापडतात आणि धृपद जवळजवळ कुठे नाहीच. इथे ते दोन शब्दांत आहे आणि दोन्ही शब्द आजीच्या तोंडचे.

आणि नावावरूनच आठवलं, अमरावतीचा एक रॅपर आहे, नाव लिहितो १००आरबीएच. मी किती दिवस शंभर-आरबीएच वाचत होतो. तो सौ-रभ आहे. सौरभ. ट्रेनमध्ये एकटाच हसलो, शेजारचे काका सरकून बसले.

---

आगरी_बीट | रात्री १०:४०

मराठीत रॅपला एक जादाचा मसाला हाय त्यो कुनी बोललाच नाय. ळ आणि ण. हिंदीवाल्यांकडं ळ नाय. टोळी, गोळी, चाळ, नळ, गळा, कळ. जीभ मागं वळून पुढं आपटते, तोंडातच हलगी वाजते.

आमची अडचन अशी की आमचे आगरीन ळ नाय र भावा, सगला ल. चाल, नल, गला. मना रॅप करताना शाळेतली मराठी वापरायला लागते, नायतर 'चाळ' बोलायला गेलो तर 'चाल' होते आणि लोकं चालायला लागतात.

---

वरळीचा_वारा | रात्री १०:४४

दंडवत.

---

मास्तर_परळ | बुधवार, सकाळी ६:०५

नातवाने काल दोन्ही लावून दिली, इंग्रजी शब्द समोर ठेवून. पत्राचं गाणं आवडलं. दुसऱ्याबद्दल एवढंच लिहितो की मुलीचा आवाज बारीक होत गेला तेव्हा नातू म्हणाला, 'आजोबा, मशीन ठीक करून आणू?' त्याचा संदर्भ वेगळा होता, माझ्या कानातल्या श्रवणयंत्राचा. मी म्हटलं राहू दे, हे असंच आहे.

शब्दांपुरतं माझं मत बदललं. शिव्यांपुरतं नाही.

---

मी_लालबागची | सकाळी ९:२०

शिव्यांचं सोडा मास्तर, शिव्या आम्हीही देतो. मला त्रास होतो तो वेगळा. कितीतरी चांगल्या लिहिणाऱ्यांच्या ओळीत बाई म्हणजे गाडी, चेन, घड्याळ यांच्या रांगेतली चौथी वस्तू. यमक सुंदर, फ्लो (म्हणण्याची लय) सुंदर, आणि मी त्या यमकात कुठे तर गाडीच्या सीटवर. ज्यांना लेखणी आहे त्यांनी आळस करू नये एवढंच म्हणणं. लॉरिन हिलचा १९९८चा अल्बम ऐका, गाते पण आणि रॅपही करते. ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेला तो पहिला हिपहॉप अल्बम. लोक ते विसरून 'बाया रॅपमध्ये नवीन आल्या' असं म्हणतात.

---

फास्ट_ट्रॅक_७७ | सकाळी १०:००

+१. आणि कालचा मी तोच, माफी. एक आकडा देतो, हा खरा आहे. मॅट डॅनियल्स नावाच्या माणसाने २०१४मध्ये बऱ्याच रॅपरांचे प्रत्येकी पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यात वेगवेगळे किती ते मोजले. सगळ्यात वर एसॉप रॉक. शेक्सपिअरलाही त्याच फूटपट्टीने मोजलं होतं आणि काही रॅपर त्याच्या पुढे निघाले.

---

बीट_चुकलेली_बाई | सकाळी १०:१२

आकडा मस्त आहे पण त्याने सिद्ध काय होतं? आमच्या ऑफिसच्या परिपत्रकातही दर ओळीला नवा शब्द असतो. केंड्रिकला 'डॅम' या अल्बमसाठी २०१८चं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला पहिल्यांदाच. ते शब्द मोजून दिलं नसेल.

---

खिडकीसीट | शुक्रवार, रात्री १२:५०

अपडेट. धागा भाच्याला वाचून दाखवला. मग म्हटलं, एक खेळ खेळू, चार दिवस क्रियापद वापरायचं नाही. 'तो', 'ते', 'आहे' काहीही ओळीच्या शेवटी दिसलं तर वडापाव तुझ्याकडून. तो म्हणाला, मामा, मग वाक्य कसं होणार? म्हटलं, नको होऊ दे.

आत्ता मेसेज आला. त्यांच्या चाळीत पहाटे पाणी येतं, त्यावर आहे:

नळाला कोरड, गळ्याला ओरड, चाळीला जाग,
हंड्यांची रांग, भांड्यांची बांग, टाळूला आग.

बीट मिनिटाला पंचाहत्तर ठोक्यांचा घेतलाय. ठोक्याला एक तुकडा, तीन ठोके बोलतो आणि चौथ्याला गप्प. एवढ्याच दोन ओळी झाल्यात. मी जिन्यात उभा राहून पाच वेळा ऐकलं, आता बायको विचारतेय कुणाचा फोन आहे.

---

आगरी_बीट | रात्री १२:५८

नळाला, गळ्याला, चाळीला, टाळूला. ल्हान पोरगा हाय पन ळ बरोबर वेचलेत. मी म्हणून बघितला, माझ्या तोंडात निम्मा गाना मेला.

---

मास्तर_परळ | शनिवार, सकाळी ६:००

'भांड्यांची बांग' वहीत उतरवून घेतलं आहे. कोंबड्याच्या जागी रिकामी भांडी, आणि क्रियापदाची कुणाला आठवणही होत नाही.

अक्षरं मोजली, लिहिण्यातली नव्हे, उच्चारातली. पहिली ओळ पाच, पाच, चार. दुसरी चार, चार, चार. म्हणजे पहिली दाटीची, दुसरी सुटी. रांग लागली की गोंधळ कमी होतो, असं धरलं तर शोभतं. एकच शंका होती, 'टाळूला आग' का? तहानेने टाळूला कोरड पडते आणि 'कोरड' तर त्याने वर खर्च केली. मग लक्षात आलं. टाळू म्हणजे तोंडातलीही आणि डोक्याचा माथाही. घसा जळतोय आणि डोकंही तापलंय. उत्तम श्लेष. पोराला शाबासकी सांगा.

---

खिडकीसीट | सकाळी ८:३०

मास्तर, आत्ताच त्याला फोन करून सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, 'मामा, टाळूचे दोन अर्थ असतात?'

---

मास्तर_परळ | सकाळी ८:४१

हे इथे लिहायला नको होतं. बाहेर कुणी विचारलं तर ठरवून केलं म्हणून सांगा.

---

शक्तीवाले_गुहागर | सकाळी ९:१५

आणि चौथ्या ठोक्याला गप्प बसतो तिथे श्वास नाकाने घ्यायला सांगा. तोंडाने घेतला तर माइकमध्ये फस्स ऐकू येतं. आमच्या शाहीरबुवांचा एक अख्खा सवाल त्यात बुडाला होता.